डाव्या खांद्यात सहा, उजव्यात पाच

शिंपी मास्तरांना थंडी वाजली ती दुपारी चारच्या सुमाराला, हातात तापलेली इस्त्री असताना. बाहेर रणरणतं ऊन होतं, दुकानात वाफ कोंडली होती, आणि तरी मास्तरांचे दात एकमेकांवर आपटायला लागले. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, गिऱ्हाइकाच्या पँटची नीट घडी घातली आणि अगदी शांतपणे मनाशी म्हटलं, "मेलो."

थंडीनं मेलो असं नव्हे. थंडी त्यांच्या ओळखीची होती. वर्ष व्हायला थोडे दिवस कमी, तेव्हा ती अशीच आली होती. आधी तासभर हुडहुडी, मग तीन तास कपाळावर हात ठेववणार नाही असा ताप, मग गादी पिळून काढावी इतका घाम. दुसऱ्या दिवशी माणूस असा ठणठणीत की काल आजारी होतो हे सांगायची लाज वाटावी. आणि तिसऱ्या दिवशी, घड्याळ लावून, त्याच वेळेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याला हिवताप म्हणतात, कुणी मलेरिया म्हणतात. मास्तरांच्या घरात मात्र त्याचं नाव काढायचीही सोय नव्हती, कारण मास्तरांची बायको हिवताप कार्यालयात रक्त तपासायला होती.

तिला सगळे भिंगबाई म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा. बावीस वर्षं ती एका डोळ्याच्या जुन्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती. उजव्या डोळ्यानं बघायचं आणि डावा मिटून धरायचा, यानं तिच्या डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्यांचं जाळं झालं होतं आणि उजवी बाजू मात्र मुलीसारखी तुकतुकीत राहिली होती. कार्यालय लहान, माणसं चार, म्हणून काचेवरचं रक्त बघून झालं की बाई पिशवी उचलून घरोघर पाणी बघायला निघत. टाकीचं झाकण, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवर पडलेलं बाटलीचं टोपण, काही म्हणजे काही सुटत नसे. दुसऱ्यांच्या घरी ही गत, तर स्वतःच्या घरी काय असेल? मास्तरांच्या घरात फुलदाणी नव्हती, कारण फुलदाणीत पाणी असतं. लग्नात आलेल्या तीन फुलदाण्यांत मास्तर बटणं ठेवत.

कार्यालयाच्या दारावर एक पाटी होती. वर रंगानं लिहिलेलं, 'नवा रुग्ण नाही, सलग दिवस', आणि खाली तीन खिळ्यांना तीन पत्र्याचे आकडे. रोज सकाळी नऊला बाई स्टुलावर चढून आकडा बदलत. मास्तरांना थंडी वाजली त्या दिवशी पाटीवर तीनशे अठ्ठेचाळीस होते. तीनशे पासष्ट झाले की वरच्या कार्यालयाकडून प्रमाणपत्र मिळणार होतं आणि प्रमाणपत्राबरोबर एक नवा मायक्रोस्कोप, दोन डोळ्यांनी बघायचा. प्रमाणपत्र कुणी भिंतीवर लावो की कपाटात टाको, बाईंना त्याचं काही नव्हतं. पण त्या मायक्रोस्कोपचं चित्र त्यांनी कॅटलॉगमधून कापून स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे चिकटवलं होतं. तिथं कुणाचं लक्ष जात नाही असं त्यांना वाटायचं. मास्तरांना जेवताना मीठ कमी पडायचं, त्यामुळे ते त्यांनी रोज पाहिलेलं होतं.

आता पोटातली गोष्ट सांगायला हवी. म्हणजे खरं तर पोटात न गेलेली.

त्या पाटीची मोजणी मास्तरांपासूनच सुरू झाली होती. गेल्या वर्षी ते आठ दिवस बहिणीकडे राहून आले, आणि पंधरवड्यानं हुडहुडी भरली. इथला डास नव्हे, बहिणीच्या गावचा, म्हणून बाईंना फारसं लागलं नाही. तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मेले, ताप उतरला. पण या जंतूंतले काही रक्तात येतच नाहीत. ते यकृतात बिऱ्हाड करून झोपी जातात आणि महिन्यांनी कधीतरी जागे होऊन तेच नाटक नव्यानं लावतात. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या, रोज एक, चौदा दिवस. रात्रीचं जेवण झालं की बाई मास्तरांच्या तळहातावर गोळी ठेवत, पाण्याचा पेला देत, आणि तोंडाकडे बघत उभ्या राहत.

मास्तरांनी तीन गोळ्या इमानानं गिळल्या. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, अंगात ताप नाही, भूक लागते आहे, मशीन झकास चालतं आहे, मग पोट ढवळणारी ही तपकिरी पीडा कशासाठी? त्यांनी ती गालात धरली. दातांत जरा चेंगरली, कडू जहर लागली, पण चेहरा त्यांनी ढळू दिला नाही. पाणी प्यायले, "आ" केला, बाईंनी मान डोलावली. बाईंनी गाल कधी तपासला नाही. डबक्यावर त्यांचा विश्वास नव्हता, नवऱ्यावर होता.

पण गालातून बाहेर काढलेली गोळी टाकायची कुठे? गटारात बाई बॅटरी मारून बघत. कचऱ्याचा डबा उलटा करून बघत. गच्ची, कुंड्या, मोरी, सगळी त्यांची कार्यक्षेत्रं. उभ्या घरात एकच जागा अशी होती जिथं बाईंचा हात जात नसे, ती म्हणजे मास्तरांचं शिवणकाम. आणि मशीनवर त्या दिवसांत होता मोठ्या साहेबांचा कोट.

मोठे साहेब म्हणजे हिवताप कार्यालयाचे प्रमुख, बाईंचे वरिष्ठ. त्यांना खांदे असे नव्हतेच. मान जिथं संपे तिथंच हात सुरू होत, म्हणून मास्तर त्यांच्या कोटात भरपूर गादी घालत. त्या गादीत एक एक गोळी अस्तराच्या चिंधीत गुंडाळून, वर चार टाके घालून, मास्तरांनी अकरा दिवसांत अकरा गोळ्या जिरवल्या. डाव्या खांद्यात सहा, उजव्यात पाच. अकराचे दोन सारखे भाग होत नाहीत, याला मास्तर काय करणार? साहेब कोट घालून बघताना म्हणाले होते की डावा खांदा किंचित जड लागतो. मास्तर म्हणाले, "सर, जबाबदारी आहे ती." साहेबांना ते इतकं आवडलं की पुढे दोन भाषणांत त्यांनी ते वापरलं.

बाईंनी कागदावर लिहिलं, 'चौदा गोळ्या पूर्ण, समक्ष दिल्या', आणि खाली सही केली. पाटीवर पहिला आकडा चढला.

तर अशी ती थंडी. मास्तरांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, घामाचे कपडे बाईंच्या नजरेला पडायच्या आत धुऊन वाळत घातले. दुसऱ्या दिवशी ते इतके टुणटुणीत होते की साधं पडसं असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी तीन वाजल्यापासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजले. काही झालं नाही. चार वाजून पाच मिनिटांनी मास्तरांनी समाधानानं सुईत दोरा घ्यायला हात उचलला, आणि सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे असं नाचायला लागलं.

साडेचारला बाई ॲप्रनचं बटण लावून घ्यायला दुकानात आल्या. दुकानात कुणी नव्हतं. मागच्या खोलीत बाकावर गिऱ्हाइकांच्या लोकरी कोटांचा ढीग होता आणि तो ढीग थरथरत होता. बाईंनी वरचा कोट उचलून हँगरला लावला. मग दुसरा, मग तिसरा. सात कोट जागच्या जागी लागले तेव्हा तळाशी नवरा निघाला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आ-आ-आत्ताच."

"आणि परवा डोकं दुखत होतं ते?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पिशवीतून सुई काढली आणि त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला टोचली. दिवसातून दहा वेळा स्वतःच्या बोटात सुई खुपसून घेणारा हा माणूस असा केकाटला की समोरच्या घरातल्या मावशी खिडकीत आल्या. काचेच्या दोन पट्ट्यांवर रक्ताचे थेंब घेऊन बाई निघून गेल्या. त्यांचं बटण लावायचं राहिलंच.

चार तासांनी त्या परत आल्या तेव्हा मास्तरांचा घाम निघत होता. ते बोलणी खायच्या तयारीनं उठून बसले. बाई ओरडतील, भांडी आदळतील, आठ दिवस अबोला धरतील, हे सगळं त्यांनी हिशेबात धरलेलं होतं. बाई स्टुलावर बसल्या आणि ॲप्रनच्या तुटक्या बटणाशी चाळा करत राहिल्या.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. तेच जंतू होते, तांबड्या पेशींत अंगठ्या घातल्यासारखे बसलेले. पेशीच्या आत ते वाढतात, पेशी फोडून सगळे एका वेळी बाहेर पडतात, तेव्हा हुडहुडी भरते, आणि लगेच नव्या पेशींत घुसतात, म्हणून मधला दिवस चांगला जातो. जिवाला धोका नव्हता. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या आजच सुरू करायला सांगितल्या होत्या आणि चौदा दिवसांच्या, रक्ताची आणखी एक तपासणी झाली की, परवापासून.

"चुकलं ते माझंच," त्या म्हणाल्या. "डास काही आजार घेऊन जन्माला येत नाही. आधी मादी कुणा आजारी माणसाला चावणार, दहा-बारा दिवस ते तिच्या पोटात वाढणार, मग ती तुम्हाला चावणार, मग तुमच्या यकृतात आणखी तितकेच दिवस. म्हणजे महिनाभर हे माझ्या नाकाखाली चाललंय आणि मी पाटीवर आकडे चढवतेय."

मास्तर चाचरत म्हणाले की कदाचित हे मागचंच असेल, उलटलेलं.

"ते कसं असेल?" बाई म्हणाल्या. "चौदाच्या चौदा मी माझ्या हातानं दिल्यात तुम्हाला."

आता बोलायचं होतं. मास्तरांनी तोंड उघडलंसुद्धा. पण तिनं 'माझ्या हातानं' असं म्हटलं होतं, आणि ते अगदी भरवशानं म्हटलं होतं. मास्तर मूग गिळून बसले. गोळ्या सोडून हा माणूस सगळं गिळत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर आकडा बदलला नाही. तीनशे पन्नास तसाच राहिला. बाईंनी मास्तरांना मच्छरदाणीत घातलं. हे डास अंधार पडू लागल्यापासून उजाडेपर्यंत चावतात, दिवसा नाही, हे बाईंनीच गावाला शिकवलं होतं. पण आता त्या कसलाही धोका पत्करायला तयार नव्हत्या. दुकानातच बाकावर दाणी बांधली, मास्तर आत, हातमशीन आत, कात्री आत. गिऱ्हाईक आलं की बाहेर उभं राहून स्वतःच्या हातानं टेप धरायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. एका लठ्ठ गिऱ्हाइकानं कमरेचं माप चार इंच कमी सांगितलं आणि मास्तरांना ते दाणीतून नीट दिसलंही, पण खोटं बोलणाऱ्याला टोकायची त्यांची त्या दिवशी हिंमत नव्हती.

खिडकीतून गल्ली दिसत होती. कार्यालयाची माणसं शिड्या घेऊन फिरत होती. टाक्या उपसल्या जात होत्या, पिंपं आडवी होत होती, नळाखालच्या बादल्या रस्त्यावर आल्या होत्या. बाई स्वतः गच्च्यांवर चढत होत्या, गुडघ्यावर बसून टाकीत बॅटरी मारत होत्या. या डासाच्या अळ्या पाण्याला समांतर, पृष्ठभागाला चिकटून पडून असतात. इतर डासांच्या डोकं खाली करून लोंबकळतात. दुपारपर्यंत बाईंना लोंबकळणाऱ्याही सापडल्या नाहीत. सापडणार कशा, वर्षभर त्यांनीच गाव घासून काढलं होतं. पण काही सापडत नाही म्हटल्यावर त्या जास्तच घाबरल्या.

समोरच्या मावशी एकट्या राहत. त्यांच्या दारात एक दगडी कुंडी होती, पाखरांना पाणी प्यायला. मावशी रोज सकाळी ती घासून ताजं पाणी भरत आणि मग पायरीवर बसून पाखरांशी शेजारपाजारच्या चुगल्या करत. वर्षभर बाईंनीच त्या कुंडीला सूट दिली होती, कारण रोज बदललेल्या पाण्यात अळी धरत नाही. त्या दुपारी बाई कुंडीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मावशी, आता मला कशाचाच भरवसा वाटत नाही. मावशींनी वाद घातला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. मावशींनी नुसती मान हलवली आणि स्वतःच कुंडीला हात लावला. दोघींनी मिळून ती पालथी घातली. तासाभरानं चार चिमण्या आल्या, पालथ्या कुंडीवर इकडून तिकडे फिरल्या, आणि मावशी दार लावून आत गेल्या. मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं.

चार वाजता आले मोठे साहेब, हातावर कोट घेऊन. समारंभ होईल न होईल, पण फोटो कधी काढावा लागेल सांगता येत नाही, तेव्हा डाव्या खांद्याचं एकदा बघा, असं त्यांनी दाणीबाहेरून सांगितलं. तेवढ्यात बाई आल्या, गुडघे मातीनं भरलेले. साहेबांनी आवाज खाली आणला.

"बाई, एका माणसाचा ताप आहे. घरातल्या घरात बरा करा. पाटीला कशाला सांगायचं?"

"पाटीला मी नाही सांगितलं तर डास सांगतील, सर," बाई म्हणाल्या. "उद्या नऊ वाजता मी शून्य लावणार. मागची नोंद माझ्या सहीची आहे, ही पण माझ्याच सहीनं जाईल."

साहेबांनी सुस्कारा टाकला, कोट दाणीच्या फटीतून आत सरकवला आणि ते गेले. बाई स्टुलावर बसल्या. त्या डावा डोळा चोळत होत्या, दमल्या की चोळत तसा. मास्तरांनी हळूच मायक्रोस्कोपचं काय होणार म्हणून विचारलं. यांना हे कुठून कळलं, असं विचारायचंही बाईंना सुचलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "एका डोळ्याची सवय झालीय मला."

बाई घरी गेल्यावर मास्तर कोट मांडीवर घेऊन बसले. काम दहा मिनिटांचं होतं. शिवण उसवायची, गोळ्या काढायच्या, दाणीतच बसल्या बसल्या खिशात टाकायच्या, खांदा पुन्हा शिवायचा. जगात कुणाला कळलं नसतं, साहेबांचा खांदाही हलका झाला असता. मास्तरांनी कात्री हातात घेतली. मग त्यांनी गादीवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, सहाही होत्या, आपापल्या जागी. त्यांनी कात्री ठेवली आणि कोट तसाच हँगरला लावला.

सकाळी नऊला कार्यालयाच्या दारात बरीच माणसं होती. शून्य बघायला गर्दी जमते. साहेब होते, शिड्यावाले होते, मावशीही आल्या होत्या. बाई स्टुलावर चढल्या, पहिल्या खिळ्यावरचा तीन त्यांनी काढला. तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला.

"थांब. उतर खाली."

बावीस वर्षांत बाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. गर्दी दुभंगली. डोक्यावरून मच्छरदाणी पांघरलेले मास्तर येत होते, एका हातात हँगरला कोट, दुसऱ्या हातात कात्री. दाणीचं टोक मागे रस्त्यावरून लोळत होतं. ते पाटीखाली आले, दाराच्या पायरीवर कोट पसरला आणि डाव्या खांद्याला कात्री लावली.

"अहो, माझा कोट आहे तो," साहेब म्हणाले.

"सर, कोट तुमचा आहे. आतला माल माझा आहे."

कापसाचे पुंजके बाहेर आले. पुंजक्यातून अस्तराची पुरचुंडी, पुरचुंडीतून गोळी. मास्तरांनी ती पायरीवर ठेवली. मग दुसरी. डाव्या खांद्यातून सहा निघाल्या, उजव्यातून पाच. पहिलीवर दाताचे व्रण होते. अकरा गोळ्या ओळीनं मांडून झाल्यावर मास्तरांनी डोक्यावरची दाणी मागे सारली.

"हा ताप नवा नाही," ते म्हणाले. "गावात कुणाला काही झालेलं नाही, कुणाच्या टाकीत काही नाही. तू दिल्यास चौदा. मी खाल्ल्या तीन."

साहेबांनी स्वतःचा डावा खांदा दाबून बघितला. वर्षभर या गोळ्या आपण भाषणांना घेऊन फिरत होतो हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. बाई स्टुलावरून उतरल्या, पायरीपाशी वाकल्या आणि गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. दाताचे व्रण असलेली उचलून उजेडात धरली, सवयीनं डावा डोळा मिटून.

"ही चौथी?"

"चौथी."

"आणि मी 'आ' करायला सांगितलं तेव्हा?"

"गालात होती."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्तरांना वाटलं आता येतं, ते एकदाचं येऊ दे. पण बाई वळल्या त्या मावशींकडे. "मावशी," त्या म्हणाल्या, "चला, तुमची कुंडी सरळ करून देते." आणि गर्दीला, साहेबांना, नवऱ्याला आणि अर्ध्या उतरवलेल्या आकड्याला तिथंच सोडून त्या निघून गेल्या. कुंडी सरळ केली, घासली, पाणी भरलं. मग परत आल्या, टेबलाशी बसून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. जुनाच आजार उलटला, मागच्या नोंदीवरची माझी सही चुकीची ठरली, अकरा गोळ्या सोबत जोडल्या आहेत. साहेब म्हणाले की सहीचं लिहायची गरज नाही. बाईंनी ते वाक्य आणखी ठळक अक्षरात काढलं. गल्लीतल्या दोनशे बारा माणसांचं रक्त त्यांनी तरीही तपासलं, अंदाजावर काही सोडलं नाही. सगळ्या काचा स्वच्छ निघाल्या.

वरून उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. उलटलेला आजार नवा धरत नाहीत, मोजणी मोडलेली नाही. मात्र रुग्णानं या वेळच्या चौदा गोळ्या साक्षीदारांसमोर घ्याव्यात. बाईंनी ते आधीच सुरू केलं होतं. ज्या सकाळी कोट उसवला त्याच सकाळी, मावशींच्या दारातून परत येऊन, त्यांनी पाटीवर तीनशे बावन्न लावले आणि पाटीखालीच मास्तरांच्या तळहातावर पहिली गोळी ठेवली. गिळल्यावर "आ". जीभ वर. डावा गाल. उजवा गाल. बाईंनी बॅटरी मारून सगळं तपासलं, टाकी तपासत तसं.

मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. नऊच्या ठोक्याला माणसं जमायला लागली. मावशी वाटीत पाखरांचे दाणे घेऊन पुढच्या रांगेत उभ्या राहत आणि जीभ नीट वर झाली नाही म्हणून हरकत घेत. लठ्ठ गिऱ्हाइकाची नवी पँट कमरेला चार इंच कमी पडली होती, तो तर रोज न चुकता येई आणि उजव्या गालाचा आग्रह धरी. मास्तर सगळं निमूट सोसत. त्यांचं दुःख निराळंच होतं. घरी बाई जेवायला वाढत, बोलत, बटण लावून घेत, सगळं सुरळीत होतं. पण पाण्याचा पेला पुढे केला की त्यांची नजर आपोआप मास्तरांच्या गालावर जाई. वरणभाताचा घास असला तरी जाई. इतक्या वर्षांत ती नजर कधी त्यांच्याकडे वळली नव्हती, फक्त डबक्यांकडे वळायची.

तीनशे पासष्टाव्या दिवशी कार्यालय झाडून काढलं होतं. साहेब नव्या खांद्यांचा कोट घालून उभे होते आणि आता फारच हलकं वाटतं अशी त्यांची तक्रार होती. टेबलावर खोक्यातून काढलेला मायक्रोस्कोप होता, दोन नळ्यांचा. बाईंनी अजून त्याला हात लावला नव्हता. वरच्या कार्यालयाचे पाहुणे फोटोवाल्याला घेऊन आले होते. आधी गोळी, मग आकडा, मग भाषण, असा क्रम बाईंनीच ठरवला होता.

बाईंनी चौदावी गोळी तळहातावर ठेवली. मास्तरांनी ती जिभेवर घेतली, पाणी प्यायले, गिळली, आणि कुणी न सांगता मोठा "आ" करून, जीभ वर करून उभे राहिले. मावशी पुढे सरसावल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला. बाईंनी बॅटरी हातात घेतली, मास्तरांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, आणि बॅटरी न लावताच खिशात टाकली.

"मिटा तोंड," त्या म्हणाल्या, आणि आकडा लावायला स्टुलावर चढल्या.

मास्तरांनी तोंड मिटलं नाही. आज तिनं बघावं, डावा गाल, उजवा गाल, सगळं बघावं, असं त्यांना फार वाटत होतं. फोटोतही ते तसेच आले आहेत, तीनशे पासष्टच्या खाली, तोंड उघडं टाकून.